एचआयव्हीचे मोफत उपचार आणि शासकीय साहाय्य: कोणती पायरी आधी, कोणता कागद कोणाला दाखवायचा

महाराष्ट्रात एचआयव्हीची तपासणी, औषधे आणि नियमित रक्तचाचण्या सरकारी केंद्रांत मोफत होतात, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. अडते ते त्यानंतर. कोणी खासगी प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन थेट एआरटी केंद्राच्या (एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी केंद्राच्या) रांगेत उभे राहते आणि दिवसाची मजुरी बुडवून परत येते. कोणी आधार कार्डावरचा पत्ता दुरुस्त होईपर्यंत गोळ्याच सुरू करत नाही. एखादी विधवा बाई तहसील कार्यालयात दहा जणांच्या देखत आजाराचे नाव सांगून मोकळी होते, आणि ते सांगण्याची गरजच नव्हती हे तिला नंतर कळते. अर्ज भरून देण्याच्या कामात या तीन चुका मी वारंवार पाहिल्या आहेत, म्हणून हा क्रम सविस्तर लिहीत आहे. संपूर्ण लेखात दोन गोष्टी धरून चालायचे आहे: कागदांसाठी उपचार थांबवायचे नाहीत, आणि ज्याला आजार कळणे खरोखर आवश्यक आहे त्यालाच तो कळू द्यायचा.

## पूर्वतयारी: दोन वेगळ्या पिशव्या

घरातून निघण्यापूर्वी कागदपत्रांच्या दोन पिशव्या करा. पहिलीत केवळ आरोग्याचे कागद ठेवा: तपासणीचे अहवाल, जुन्या उपचारांच्या चिठ्ठ्या, क्षयरोगाची औषधे घेतली असल्यास त्याचे कार्ड. दुसरीत आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, रहिवासाचा व वयाचा पुरावा, पती किंवा पत्नीचे निधन झाले असल्यास मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे ठेवा. रुग्णालयात जाताना दोन्ही पिशव्या न्याव्यात. तहसील, बँक आणि सेतू केंद्रात जाताना फक्त दुसरी.

हे सांगण्यामागे एक प्रसंग आहे. एका मावशींच्या कागदांच्या झेरॉक्स काढताना त्यांचा तपासणी अहवाल मी यंत्राच्या काचेवरच विसरलो. एसटी स्टँडवर पोहोचल्यावर कागद मोजताना एक कमी भरला, तसा मी धावत परत गेलो. कागद झाकणाखाली पालथा पडलेला होता आणि पुढचे गिऱ्हाईक झाकण उचलायला हात घालत होते. तेव्हापासून आरोग्याच्या कागदाची प्रत काढायचीच असेल तर ती एकट्याने, शेवटी आणि मूळ कागद हातात परत आल्यावरच पैसे देऊन काढायची, असा नियम मी केला आहे.

आधार, शिधापत्रिका आणि पासबुक या तिन्हींवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळते का, हेही आताच पाहून घ्या. माहेरचे नाव एका ठिकाणी आणि सासरचे दुसऱ्या ठिकाणी असणे, हे अर्ज परत येण्याचे मी पाहिलेले सर्वांत सामान्य कारण आहे. दुरुस्तीला वेळ लागतो, म्हणून ती आज सुरू करा. मात्र पुढचा पहिला टप्पा तिच्यासाठी अडवून ठेवू नका.

## टप्पा १: सरकारी केंद्रात निदान पक्के करून घेणे

एआरटी केंद्रात नोंदणी होण्यासाठी निदान एकात्मिक समुपदेशन व तपासणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, पक्के झालेले असावे लागते. ही केंद्रे जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत तसेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत असतात. खासगी अहवाल कितीही स्पष्ट असला तरी तेथे पुन्हा रक्त द्यावे लागते, कारण वेगवेगळ्या तीन चाचण्यांत दोष आढळल्यावरच व्यक्तीला बाधित म्हटले जाते. याला अडवणूक समजू नका. आयुष्यभराचे औषध सुरू करण्यापूर्वीची ती खात्री आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बोट टोचून झालेली चाचणीही केवळ प्राथमिक असते, शिक्कामोर्तब आयसीटीसीतच होते.

जवळचे केंद्र माहीत नसेल तर १०९७ या मोफत राष्ट्रीय मदत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते. जोडीदाराची आणि मुलांची तपासणीही याच वेळी ठरवून टाका. एखादी बाई गरोदर असेल तर तिने एक दिवसही थांबू नये, कारण आईचे औषध वेळेवर सुरू झाले आणि बाळाला जन्मानंतर औषध मिळाले तर संसर्ग बाळापर्यंत जाणे टाळता येते. बाळाची पहिली तपासणी सहा आठवड्यांचे झाल्यावर होते.

तपासून पाहा: केंद्रातून बाहेर पडण्यापूर्वी अहवालावर नाव, वय, तारीख आणि सही आहे ना, एआरटी केंद्रासाठी संदर्भ चिठ्ठी मिळाली आहे ना, आणि त्या केंद्रात नव्या रुग्णांची नोंदणी कोणत्या वेळेत होते, या तीन गोष्टी समुपदेशकाला विचारून घ्या. तिसरा प्रश्न न विचारल्यामुळे लोकांच्या फेऱ्या वाया जातात.

## टप्पा २: एआरटी केंद्रातील नोंदणी

आयसीटीसीचा अहवाल, छायाचित्रे आणि पत्त्याचा पुरावा घेऊन सकाळी लवकर पोहोचावे. पहिल्या दिवशी नोंदणी, समुपदेशन, वैद्यकीय तपासणी आणि रक्ताचे नमुने एवढे सगळे असते, त्यामुळे पूर्ण दिवस मोकळा ठेवा आणि सोबत डबा न्या. सीडी-४ पेशींची (रोगप्रतिकारशक्ती किती आहे हे दाखवणाऱ्या रक्तातील पेशींची) संख्या, हिमोग्लोबिन, यकृत व मूत्रपिंडाचे कार्य, कावीळ ब आणि क यांच्या चाचण्या येथे होतात.

पत्त्याचा पुरावा नसलेल्यांनी ती गोष्ट लपवू नये आणि परतही फिरू नये. रस्त्यावर राहणारे, भाड्याच्या खोलीत कागदाविना राहणारे, घरातून काढून दिलेले तृतीयपंथी किंवा वेश्याव्यवसायातील स्त्रिया यांनी समुपदेशकाला सुरुवातीलाच परिस्थिती सांगावी आणि ज्या स्थानिक संस्थेशी संबंध असेल तिचे पत्र चालेल का, हे विचारावे. वेश्याव्यवसायातील स्त्रियांसाठी आणखी एक मार्ग आहे. राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांचे किंवा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या राजपत्रित अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र असल्यास पत्त्याच्या पुराव्याशिवाय त्यांना आधार कार्ड मिळावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. त्या कार्डावर व्यवसायाची कोणतीही खूण असत नाही.

इशारा: खोटा पत्ता किंवा बंद फोन क्रमांक देऊ नका. ठरलेल्या दिवशी आला नाहीत तर केंद्राची माणसे तुमची चौकशी करतात, आणि घरी कोणी येईल या भीतीनेच लोक खोटा पत्ता लिहितात. त्याऐवजी खरा क्रमांक देऊन समुपदेशकाला स्पष्ट सांगा की घरी येऊ नये, फोन दुपारीच करावा आणि दुसऱ्याने उचलला तर अमुक नावाने बोलावे. ही विनंती नोंदवून घेतली जाते. खोटा क्रमांक दिला तर क्षयरोगाचा किंवा मूत्रपिंडाचा धोक्याचा अहवाल तुमच्यापर्यंत पोहोचवायला कोणाकडे वाटच राहत नाही.

सीडी-४ कमी झाल्याशिवाय गोळ्या मिळत नाहीत, हा समज अजून गावोगावी आहे. तो नियम २०१७ मध्येच गेला. आता सीडी-४ कितीही असले तरी उपचार सुरू होतात आणि रुग्णाची तयारी असल्यास ते सात दिवसांच्या आत, कधी त्याच दिवशी सुरू करता येतात. खरा अपवाद एकच: क्षयरोग किंवा मेंदूच्या आवरणाचा दाह असल्याची शंका असेल तर आधी त्याचा उपचार सुरू करून एआरटी काही दिवस किंवा आठवडे पुढे ढकलली जाते. म्हणून खोकला, ताप, घटलेले वजन आणि रात्रीचा घाम यांबद्दल विचारले की खरे उत्तर द्या. गोळ्या लवकर मिळाव्यात म्हणून खोकला लपवलेला माणूस पुढे जास्त आजारी पडतो.

नोंदणीनंतर रुग्णाला एक पुस्तिका मिळते. तिला सगळे ग्रीन बुक किंवा हिरवे पुस्तक म्हणतात. औषधांचे नाव, पुढची तारीख आणि तपासण्यांचे आकडे तिच्यात लिहिलेले असतात. पहिल्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये कुलूप असलेल्या जागी ठेवा, म्हणजे पुस्तक हरवले तरी नोंदणी क्रमांक हाती राहील.

## टप्पा ३: पहिले सहा महिने आणि गोळ्यांची बाटली

बहुतेक प्रौढांना टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्रेव्हिर ही तीन औषधे असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. वेळ कोणतीही चालते, पण ती रोज तीच हवी. झोप लागत नसेल तर डॉक्टरांना विचारून सकाळची वेळ ठरवा.

येथे मी जरा थांबतो, कारण घरोघरी होणारी एक चूक कोणी विचारत नाही म्हणून सांगितलीही जात नाही. बाटली खुळखुळते. एसटीत, माहेरी, कारखान्याच्या खोलीत तो आवाज लोकांना नको असतो, म्हणून गोळ्या काढून प्लॅस्टिकच्या पुडीत बांधतात आणि ती पुडी पदराच्या गाठीत किंवा पिठाच्या डब्यात जाते. मूळ बाटलीत ओलावा शोषणारी छोटी पुडी असते. ती सुटली की घामाने व दमटपणाने गोळ्या खराब होतात. यावर उपाय साधा आहे. गोळ्या मूळ बाटलीतच राहू द्या, वरच्या रिकाम्या जागेत कोरड्या स्वच्छ कापसाचा बोळा बसवा आणि झाकण घट्ट लावा. आवाज बंद होतो. बाटलीवरचे लेबल नको असेल तर तिच्यावर कापडी पिशवी शिवून घ्या, पण औषधाचे नाव आणि मुदतीची तारीख फाडू नका.

इतर औषधांचेही सांभाळा. आम्लपित्ताच्या अँटासिड गोळ्या व पातळ औषधे, लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या डोल्युटेग्रेव्हिरचा परिणाम कमी करतात, म्हणून एआरटीची गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी. क्षयरोगासाठी रिफॅम्पिसिन सुरू असेल तर डोल्युटेग्रेव्हिरची एक जादा गोळी बारा तासांच्या अंतराने दिली जाते. ती चुकून दिलेली नसते, तेव्हा परत करू नका. गोळी विसरली तर आठवताच घ्या, दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

दर भेटीला बाटली सोबत न्या, कारण उरलेल्या गोळ्या मोजल्या जातात. "मावशी, किती उरल्यात?" या प्रश्नाला घाबरून पुष्कळ जण उरलेल्या गोळ्या वाटेत फेकून देतात. मोजणीत पाच जास्त निघाल्या तर समुपदेशक कारण शोधतो. कारण कधी रात्रपाळी असते, कधी सासूची नजर, आणि दोन्हींवर मार्ग निघतो. फेकून दिल्या तर सहा महिन्यांनी व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूचे प्रमाण, वाढलेले दिसते आणि औषधच निकामी झाले की काय, असा चुकीचा अर्थ लागू शकतो.

तपासून पाहा: सहा महिने पूर्ण झाल्यावर, नंतर बारा महिन्यांवर आणि त्यापुढे दरवर्षी एकदा व्हायरल लोडची मोफत तपासणी होते. तुमची झाली का आणि आकडा पुस्तकात लिहिला का, हे स्वतः विचारा. आकडा १,००० किंवा अधिक असेल तर गोळ्या नियमित घेण्यावर भर देऊन काही महिन्यांनी पुन्हा तपासणी होते. तेवढ्यावरून लगेच औषध बदलत नाही.

## टप्पा ४: गाव सोडण्यापूर्वी

ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा बांधकामावर जाणाऱ्यांच्या गोळ्या बहुधा स्थलांतरातच तुटतात. टोळी निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी केंद्रात जाऊन कोठे आणि किती काळ जाणार ते सांगा. प्रकृती स्थिर असलेल्यांना एकाच वेळी तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या मिळू शकतात. मुक्काम त्याहून लांबणार असेल तर कारखान्याजवळच्या केंद्रात नाव हलवण्याचे पत्र मागा. काहीच ठरले नसेल आणि अचानक निघावे लागले, तर हिरवे पुस्तक बरोबर ठेवा. ते दाखवल्यावर वाटेतल्या दुसऱ्या एआरटी केंद्रातून तात्पुरत्या गोळ्या देण्याची सोय आहे. दुसऱ्या केंद्रात नवा रुग्ण म्हणून नव्याने नाव नोंदवणे मात्र टाळा, कारण मग जुन्या औषधांचा इतिहास हरवतो.

## टप्पा ५: दरमहा अनुदान, आणि कोणत्या गटातून अर्ज करावा

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्स हा दुर्धर आजारांच्या यादीत आहे. १८ ते ६५ वर्षे वय, महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचे वास्तव्य आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत, या मुख्य अटी असून या गटासाठी अनुदान दरमहा १,५०० रुपये आहे. रक्कम आणि मर्यादा शासन निर्णयाने बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचा आकडा तहसीलमधील संजय गांधी शाखेत विचारून घ्या.

बहुतेकांचा निर्णय चुकतो तो येथेच. याच योजनेत विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित स्त्रिया, देवदासी, तृतीयपंथी आणि दिव्यांग यांचेही गट आहेत. पतीचे निधन झालेल्या बाईने आजाराच्या गटातून अर्ज केला तर तिला शासकीय रुग्णालयाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. तो कागद तलाठी, लिपिक, तालुका समिती अशा अनेकांच्या हातून जातो आणि यादीत नावासमोर कारण लिहिले जाते. तीच बाई विधवा म्हणून अर्ज करील तर पतीच्या मृत्यूचा दाखला पुरतो, पैसे तेवढेच मिळतात आणि आजाराचा उल्लेख कोठेही येत नाही. म्हणून आधी स्वतःला विचारा की दुसऱ्या कोणत्या गटात आपण खरेपणाने बसतो. बसत असाल तर तोच घ्या. आजाराचा गट, दुसरा मार्ग नसलेल्यांसाठी राखून ठेवा. यात काहीही गैर नाही. शासनाने मागितलेली पात्रता तुम्ही पूर्ण करीतच आहात.

अर्जाचा क्रम असा ठेवा. प्रथम तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला काढा, कारण त्याला मुदत असते. मग बँक खाते आधारशी जोडलेले आहे याची बँकेत खातरजमा करा, कारण अनुदान थेट खात्यात येते आणि जोडणी नसेल तर मंजूर रक्कमही अडकते. त्यानंतर सेतू केंद्रात किंवा तहसीलमध्ये अर्ज द्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तारीख आणि क्रमांक नसलेल्या अर्जाचा पाठपुरावा करणे अशक्य असते. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो न दिल्यास अनुदान गुपचूप बंद पडते.

इशारा: मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेचा लाभ घेणाऱ्या बाईला निराधार योजनेचे १,५०० रुपये मंजूर झाल्यास दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत. मंजुरी येताच ही बाब लेखी कळवा.

## टप्पा ६: मुलांसाठी बालसंगोपन

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत १८ वर्षांखालील मुलांसाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात. येथेही तीच काळजी घ्या: एचआयव्हीबाधित पालकांची मुले पात्र आहेतच, पण एक पालक नसलेले मूल त्या कारणानेही पात्र ठरते. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात करायचा आणि आदेश बालकल्याण समिती देते. मुलाच्या शाळेचा बोनाफाईड दाखला मागताना कारण म्हणून "शासकीय योजनेसाठी" एवढेच सांगा.

## टप्पा ७: शिधा, प्रवास आणि रुग्णालयातील भरती

दारिद्र्यरेषेखालील एचआयव्हीबाधित कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिकेत प्राधान्य देण्याचे केंद्राचे आदेश आहेत. त्या पत्रिकेवर महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. रेल्वेने एआरटी केंद्रात जाण्यासाठी दुसऱ्या वर्गात ५० टक्के सवलत असून तिचे विहित नमुन्यातील प्रमाणपत्र केंद्रातील डॉक्टर देतात. एसटीतही सवलत आहे. मात्र सवलत मागताना खिडकीवर किंवा वाहकाला आजार कळतो. गावच्या गाडीत सगळे ओळखीचे असतील तर ती घ्यायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. क्षयरोगही असल्यास निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये उपचार चालू असेपर्यंत मिळतात. त्यासाठी बँक खात्याचा तपशील क्षयरोग विभागात द्यावा लागतो.

शस्त्रक्रिया किंवा भरतीची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालय निवडा आणि दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. पैसे भरून झाल्यावर योजनेत नाव घालण्याचा प्रयत्न सहसा फसतो. एआरटीच्या गोळ्या भरतीच्या काळातही चुकवू नका. बाटली सोबत न्या आणि डॉक्टरांना सांगा.

## टप्पा ८: कोणी नाकारले किंवा गुपित फोडले तर

एचआयव्ही व एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार संमतीशिवाय चाचणी करता येत नाही, संमतीशिवाय एचआयव्हीची स्थिती उघड करता येत नाही आणि त्या कारणावरून उपचार, नोकरी किंवा शिक्षण नाकारता येत नाही.

प्रथम घडलेली गोष्ट त्याच दिवशी लिहून काढा: तारीख, वेळ, कोणाची खोली, कोणते शब्द, कोण हजर होते. केसपेपर किंवा पावती जपून ठेवा. २० किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्य संस्थेत तक्रार अधिकारी नेमणे बंधनकारक आहे, तेव्हा पहिला लेखी अर्ज त्याच्याकडे द्या आणि पोच घ्या. दाद मिळाली नाही तर याच कायद्याखाली नेमलेल्या राज्याच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याने ३० दिवसांत आणि तातडीच्या वैद्यकीय प्रसंगी शक्यतो २४ तासांत आदेश द्यावा, अशी तरतूद आहे. तक्रार लिहिता येत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातील विधी सेवा प्राधिकरणात मोफत वकील मिळतो, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर खऱ्या नावाऐवजी टोपणनावाने ते चालवण्याची मागणी पहिल्याच अर्जात करावी, कारण नाव एकदा नोंदीत गेले की ते मागे घेणे कठीण असते.